साडेदहाचा चोर

आपली वीज कोणीतरी चोरतंय, हे प्रोकोपिसच्या लक्षात आलं ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून बत्तीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याने ती लगेच वहीत लिहून ठेवली. पोस्टाच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं बसलेला माणूस तो. तारीख आणि वेळ नसलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे, आणि तारीख-वेळ असलेल्या गोष्टीवरही सहसा बसत नसेच.

जूनमध्ये त्याने गच्चीवर बारा सोलर पॅनल बसवून घेतले होते. तेव्हापासून रोजची वीज मोबाइलवर रेघेच्या रूपात दिसायची. सकाळी रेघ वर चढायची, दुपारी माथ्यावर पोचायची, संध्याकाळी उतरायची. ग्रीसमधल्या त्यांच्या व्होलोस शहरामागे पिलिओचा डोंगर दिसतो तशीच अगदी. हा डोंगर प्रोकोपिस कॉफीघरातल्या प्रत्येकाला दाखवत असे. तावलीचा डाव ऐन रंगात असताना, फासे हातात खुळखुळत असताना तो मोबाइल पुढे करायचा. लोक बघायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा सोंगट्यांकडे वळायचे.

त्या मंगळवारी मात्र डोंगराला कुणीतरी चावा घेतला होता. साडेदहाला रेघ जी धाडकन खाली आली ती थेट एक वाजेपर्यंत खालीच, आणि एक वाजता काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा वर. बुधवारी तेच. गुरुवारी आकाशात ढग होते, त्या दिवशी चावा नाही. शुक्रवारी लख्ख ऊन पडलं आणि चावा पुन्हा हजर.

"म्हणजे चोर ढगाळ हवेत सुट्टी घेतो," प्रोकोपिस बायकोला म्हणाला.

"अहो, आधी जेवून घ्या," स्टामाता म्हणाली. ती विषय बदलते आहे, हीही नोंद वहीत झाली.

चोर कोण, याबद्दल त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. पूर्वेच्या घरातला लाम्ब्रोस. हा निवृत्त बसड्रायव्हर रोज साडेदहाला आपल्या गच्चीवर कबुतरांना दाणे घालायला येई आणि पाऊसपाण्याच्या दिवशी येत नसे. आणखी काय पुरावा हवा? पण होता, आणखीही होता. जूनमध्ये पॅनल बसले त्या दिवशी लाम्ब्रोसने कठड्यावरून वाकून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "काय देखणे दिसतायत रे." बस, एवढंच. त्यानंतर दृष्ट लागू नये म्हणून थू थू थू केलं नव्हतं. कुणाच्या तान्ह्या पोराचं कौतुक करून न थुंकणारा माणूस आणि नव्या पॅनलचं कौतुक करून न थुंकणारा माणूस, दोघेही प्रोकोपिसच्या लेखी एकाच तुरुंगात जायला हवेत.

गच्चीवर तसं लपायला फार काही नव्हतं. मध्यभागी पॅनलच्या रांगा, दक्षिणेकडे पुढे चार आणि मागे आठ. कोपऱ्यात पाणी तापवायचा सोलर बंब. आणि चार कोपऱ्यांना, गल्लीतल्या सगळ्याच घरांवर असतात तसे, वरच्या मजल्यासाठी ठेवलेले काँक्रीटचे खांब. हे पुरुषभर उंचीचे होते, आणि त्यांच्या डोक्यातून वर आलेल्या लोखंडी सळ्यांना गंज लागू नये आणि कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. हा वरचा मजला प्रोकोपिसच्या मुलीचा, मिर्सिनीचा. खांब ओतले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि ओल्या सिमेंटमध्ये तिने स्वतःचा पंजा उठवला होता. आता ती तेहेतीस वर्षांची होती आणि आठ वर्षांपासून हॉलंडमध्ये उट्रेख्तला नोकरी करत होती. दर रविवारी तिचा फोन येई आणि दर रविवारी प्रोकोपिस तिच्या मजल्यातली एक गोष्ट ठरवून टाकी. स्वयंपाकघर कुठे, खिडक्या किती. एप्रिलमध्ये बाल्कनी पूर्वेला की पश्चिमेला असा प्रश्न निघाला तेव्हा ती जरा थांबली होती आणि "तुम्हीच ठरवा, बाबा," म्हणाली होती. त्याने पूर्व ठरवली.

तर चोर. प्रोकोपिसने आधी शास्त्रीय पद्धतीने तपास केला, म्हणजे कॉफीघरात विचारलं. एकाने सांगितलं, पॅनलवर धूळ बसते, व्हिनेगरने धुवा. दुसऱ्याने सांगितलं, कबुतरं घाण करतात, त्यांना भीती घाला. तिसरा म्हणाला, वीज कंपनीच तारेतून उलटी ओढून घेते, त्याच्या मेव्हण्याचा मेव्हणा तिथे होता, त्यानेच कबूल केलंय, तक्रार ठोका. मोबाइलचा पासवर्ड बदल, असंही कुणीतरी सुचवलं. प्रोकोपिसने चारही सल्ले अमलात आणायचे ठरवले, कारण एकच सल्ला मानला तर बाकीचे तिघं दुखावतात.

पासवर्ड बदलला. त्यामुळे उट्रेख्तहून कौतुकाने ही रेघ बघणारी मिर्सिनीही बंद झाली, पण तपासात नात्यागोत्याचा विचार करून चालत नाही. मग व्हिनेगर. बादली, फडकं, शिडी. पॅनल लखलखले, पण मागे सरकताना तो नेमका बादलीत बसला, आणि अडुसष्टाव्या वर्षी माणूस बादलीत बसतो तेव्हा तो एकटा उठू शकत नाही. "लागलं का रे?" लाम्ब्रोसने कठड्यावरून विचारलं आणि उडी मारून मदतीला आला. एवढी तत्परता कुठून आली, हे प्रोकोपिसने पँट सुकायच्या आत वहीत टिपलं.

कबुतरांसाठी त्याने प्लास्टिकचं घुबड आणलं. चांगलं दोन वितींचं, पिवळ्या डोळ्यांचं. ते त्याने पुढच्या रांगेच्या समोर काठीवर रोवलं. दुसऱ्या दिवशी चावा नऊ वाजताच सुरू झाला. "चोर चिडला आहे," त्याने वहीत लिहिलं. दृष्ट काढणाऱ्या थोरल्या बहिणीला, पोलिक्सेनीला फोन केला. तिने वाटीभर पाण्यात तेलाचे थेंब सोडले, पुटपुटत जांभयांवर जांभया दिल्या आणि निदान सांगितलं की दृष्ट जबर आहे, पुरुषाची आहे आणि उंचावरून लागलेली आहे. आता बसड्रायव्हर उंचावर बसतो, गच्ची उंचावर असते. प्रोकोपिसने इन्व्हर्टरला निळ्या डोळ्याचा मणी बांधला. मण्याचा उपयोग शून्य, उलट दिवसागणिक चावा खोल होत चालला. डिसेंबर उजाडला तसा चोर चांगलाच सोकावला होता.

शेवटी त्याने सरकारदरबारी जायचं ठरवलं. वीज वितरणाच्या कचेरीत त्याने व्यवस्थित तीन प्रती, तारीख, सही अशी तक्रार नेली. खिडकीमागची बाई तिळाची कडक कडबोळी खात होती. तिने अर्ज वाचला, उलटा केला, कोऱ्या बाजूकडेही जरा वेळ बघितलं. ती काय करते आहे हे प्रोकोपिसला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या माणसाला कुठल्या खिडकीवर धाडावं याचा ती विचार करत होती. स्वतः पस्तीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं?

"मजले किती, ते लिहिलं नाहीये," ती म्हणाली.

"एक. आणि एक व्हायचाय."

"व्हायचाय म्हणजे?"

"खांब उभे आहेत. मुलगी आली की होईल."

"कधी येणार?"

हा प्रश्न अर्जात नव्हता. प्रोकोपिसने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बाई म्हणाली, की "व्हायचाय" असा रकाना त्यांच्याकडे नाही. मजला असतो किंवा नसतो. अर्धवट असेल तर आधी नगररचना खात्याचा दाखला, तो दुसऱ्या मजल्यावर, मंगळवारी आणि गुरुवारी, साडेअकरापर्यंत. म्हणजे आता मंगळवारपर्यंत थांबा, असं स्वतःशी पुटपुटत त्याने अर्ज परत घेतला, आणि जिन्यावर त्याच्या लक्षात आलं की आज गुरुवारच आहे आणि घड्याळात साडेअकराला पाच कमी आहेत. तो वर गेला नाही. गेला असता तर तिथल्या माणसानेही विचारलं असतं, कधी येणार. घरी येताना त्याला त्या बाईचा फार राग आला होता.

आता उरला एकच उपाय, रंगेहाथ पकडणं. पॅनल बसवणाऱ्या वायरमनला, आर्गिरिसला, त्याने सोमवारी सकाळी साडेदहाच्या आधी यायला सांगितलं, चोरीची वायर शोधून तोडायला. आर्गिरिसवर तरी विश्वास होता असं नाही. जूनमध्ये या पोराने बरंच लांबण लावलं होतं. एक माळ की दोन, हिवाळ्यातलं ऊन, असलं काहीतरी. जास्तीची वायर खपवायचा डाव आहे, हे प्रोकोपिसने जागच्या जागी ओळखलं होतं आणि "एकच माळ, साधी," असं ठणकावून सांगितलं होतं. पण चोराला पकडायला चोरच बरा, असा हिशेब करून त्याने त्यालाच बोलावलं.

सोमवारी दहा वाजता तो बंबाच्या टाकीमागे उकिडवा बसला. हातात वही, डोक्याला विणलेली टोपी. ऊन स्वच्छ पडलं होतं. सव्वादहाला जिन्याचं दार वाजलं आणि वर आली ती स्टामाता, धुण्याची टोपली घेऊन. टोपलीत फक्त दोन मोजे होते. लाम्ब्रोस पलीकडच्या कठड्याशी उभाच होता, जणू वाटच बघत होता. कबुतरं पायाशी घुटमळत होती आणि तो त्यांना दाणे घालायचं विसरला होता.

"नाताळच्या आधी सांगायलाच हवं त्यांना," स्टामाता हळू आवाजात म्हणाली.

"राहू दे की अंधारात थोडे दिवस. तेवढाच सुखात आहे," लाम्ब्रोस म्हणाला.

"दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मोडून पडतील हो. मला नाही झेपत आता हे लपवणं."

टाकीमागे प्रोकोपिसचे कान तापले. बायको. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायको या वीजचोराला सामील. तो ताडकन उठला, आणि टाकीची नळी नेमकी टाळूवर बसली. त्यामुळे त्याचा प्रवेश मनात ठरवला होता तसा झाला नाही.

"वायर कुठाय?" एका हाताने टोपी दाबत तो म्हणाला.

"कसली वायर?" लाम्ब्रोस म्हणाला.

"माझ्या पॅनलमधून तुझ्या घरात गेलेली. सगळं ऐकलंय मी. अंधारात ठेवताय मला."

स्टामाताच्या हातातून मोजे पडले. तेवढ्यात आर्गिरिस जिना चढून वर आला. गच्चीवर एक माणूस टोपी धरून थरथरतोय, एक बाई रडायच्या बेतात आहे आणि समोर एक घुबड, हे बघून त्याने फक्त "कालिमेरा", शुभ सकाळ, एवढंच म्हटलं आणि हत्यारांची पेटी खाली ठेवली. वायरमन लोकांनी घराघरांतून यापेक्षा बरंच काही पाहिलेलं असतं.

वायर वगैरे काही सापडली नाही. आर्गिरिसने जिन्यातल्या इन्व्हर्टरवरचा आकडा प्रोकोपिसला पाहायला लावला, मग दारातलं पायपुसणं उचललं आणि मागच्या रांगेतल्या एका पॅनलवर अंथरलं. आकडा एकदम घसरला. उचललं, आकडा वर. दुसऱ्या पॅनलवर टाकलं, पुन्हा तेच.

"एकावर झाकलं तर बाकीच्यांना काय धाड भरली?" प्रोकोपिसने संशयाने विचारलं.

"काका, बाराही पॅनल तुम्ही एकाच माळेत ओवायला लावलेत. सगळ्यांतून तीच वीज जाते, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एकमेकांचा हात धरून चालल्यासारखं. एकाचा पाय मुरगळला की बाकीच्या अकरांनाही त्याच्याच चालीने जावं लागतं."

"मग मुरगळतोय कुणाचा?"

आर्गिरिसने घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं थांबा."

चौघेही पुढच्या रांगेकडे बघत उभे राहिले. घुबडाची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली होतीच. ती आर्गिरिसने काठी उपटून मिटवली. मग दहा बत्तीसला, दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या खांबाची सावली सरकत सरकत पहिल्या पॅनलच्या काठावर चढली. आधी खांबाची जाड रेघ, तिच्या टोकाला सळ्यांचे पाय आणि त्यावर बाटल्यांची बारीक डोकी. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, ही सावली खांबाच्या पायाशीच पडून राहते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तशी ती लांबत जाते. इतकी वर्षं हा खांब प्रोकोपिसच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यामुळेच तो त्याला दिसत नव्हता. गल्लीत कुणालाच आपापले खांब दिसत नसत.

"हा तुमचा चोर," आर्गिरिस म्हणाला. "या बाजूचे दोन कापून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मिर्सिनीचा मजला आहे तो," प्रोकोपिस म्हणाला.

 स्टामाताने खाली वाकून मोजे उचलले आणि ते उगाचच झटकले. आर्गिरिसला काहीच माहीत नव्हतं, तरी तोही पेटीत काहीतरी शोधू लागला. शेवटी कठड्यापलीकडून लाम्ब्रोसच बोलला. आयुष्यभर बसमधल्या लोकांना शेवटचा स्टॉप आला हे त्यानेच सांगितलं होतं.

"प्रोकोपिस, पोरीने तिकडे घर घेतलंय रे. मार्चमध्ये. तिने आईला सांगितलं, आईने माझ्या बायकोला. तुला सांगायची कुणाची छाती होईना. तू फोनवर बाल्कन्या काढत बसलास, त्यात तीही गप्प झाली."

प्रोकोपिस पायऱ्यांच्या कठड्यावर बसला. सगळं जग आपल्यापासून काहीतरी लपवतंय, हा त्याचा संशय आयुष्यात पहिल्यांदाच शंभर टक्के खरा ठरला होता, आणि त्याला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.  मार्च. म्हणजे एप्रिलमध्ये बाल्कनी पूर्वेला ठरली तेव्हा तिच्या हातात दुसऱ्याच घराच्या किल्ल्या होत्या. "तुम्हीच ठरवा, बाबा," ती म्हणाली होती. त्याला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढी मोठी पोर आपल्याला घाबरली, आपल्या चार खांबांना घाबरली, याचीच त्याला लाज वाटली.

"बाल्कनी आहे का त्या घराला?" त्याने विचारलं.

"आहे," स्टामाता म्हणाली. "लहान आहे. पूर्वेला."

"पूर्वच बरी," प्रोकोपिस म्हणाला.

तो उठून खांबाजवळ गेला. पंजा अजून होता, अंगठ्याचा ठसा जरा घसरलेला, कारण तेव्हा ती हसत होती. त्याने त्यावर हात ठेवला नाही, नुसता बघितला. मग आर्गिरिसकडे वळून विचारलं, खांब न कापता दुसरं काही होत नाही का.

"होतं की. जूनमध्येच सांगत होतो. पुढचे चार वेगळ्या माळेत घ्यायचे, मागचे आठ वेगळ्या. इन्व्हर्टरला दोन तोंडं आहेत, दोन्ही माळांचा कारभार वेगवेगळा. मग सावलीतल्यांचं जे व्हायचं ते होऊ दे, मागच्या आठांना त्याची झळ लागणार नाही." त्याने पेटीतून जूनचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'दोन माळा सुचवल्या. ग्राहकाने नाकारल्या.' खाली सही होती.

प्रोकोपिसने चष्मा वर करून कागद पाहिला. "सही माझी वाटत नाही," तो म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"अहो, वायर वाढेल, पूर्ण दिवस जाईल," स्टामाता म्हणाली. "आणि कशासाठी? ती येणार नाहीये."

"ऐकलं ना मी. कान आहेत मला. येणार नाही ती." त्याने टोपी सरळ केली. "दोन माळा कर, आर्गिरिस. खांब राहू दे. कुणाचं काही अडणार नसेल तर राहू दे की."

काम दुसऱ्याच दिवशी झालं. संध्याकाळी लाम्ब्रोस चिपुरो दारूची छोटी बाटली आणि खारवलेले मासे घेऊन आला, पॅनलसमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "काय देखणे आहेत," आणि तीनदा थुंकला. तिसरी थुंकी नेमकी एका काचेवर पडली. प्रोकोपिसने ती फडक्याने पुसली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

रविवारी मिर्सिनीचा फोन आला. ती बराच वेळ रडली. प्रोकोपिसने तिला एवढंच विचारलं, की घराला खिडक्या किती आहेत आणि वारा कुठून येतो, आणि शेवटी मोबाइलचा नवा पासवर्ड सांगितला. तो लांबलचक होता, त्यात तिची जन्मतारीख होती. तिने दोनदा चुकीचा टाकला.

आता रेघा दोन दिसायच्या. मोठी रेघ डोंगरासारखी सरळ चढायची, सरळ उतरायची. धाकटी साडेदहाला खाली यायची आणि एक वाजता पुन्हा वर जायची. कॉफीघरात कुणी विचारलं तर प्रोकोपिस मोठीच रेघ दाखवायचा. धाकटीवर अंगठा ठेवायचा.

नाताळच्या आदल्या रविवारी उट्रेख्तहून फोन आला. तिकडे पाऊस होता आणि मिर्सिनी आपल्या पूर्वेच्या बाल्कनीत उभी होती, असं ती म्हणाली.

"बाबा, ती धाकटी रेघ रोज साडेदहाला खाली का जाते? काही बिघडलंय का?"

"काही बिघडलेलं नाही," प्रोकोपिस म्हणाला. "तो तुझा मजला आहे."

फोनमधून तिकडचा पाऊस ऐकू येत होता.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.